चेन्नई एक्सप्रेस आमच्या सोलापुरावरनंच जाते

परवा रविवारी दुपारी टीव्हीवर परत 'चेन्नई एक्सप्रेस' लागला होता. अम्मा, मी, पुण्याहून सुट्टीला आलेली भाची आणि सोलापुरातल्याच रेल्वे लाईन भागात राहणारे माझे मामा, असे चौघं जेवण उरकून बसलो बघत. भाची सातवीत आहे, तिच्या जन्माच्या वेळचा हा पिक्चर, पण तिला गाणी सगळी पाठ. मध्येच ब्रेक लागला तर तिनं मोबाईलवर पिक्चरचं नाव टाकून जुने रिव्ह्यू काढले आणि वाचता वाचता तोंड पाडून मला विचारलं, मामा, एवढं हसायला येतंय तरी ह्यांनी एवढं वाईट का लिहिलंय? मी काहीतरी उत्तर दिलं तिला त्या वेळी, पण ते मला स्वतःलाच पटलं नाही. तेव्हापासून डोक्यात हाच विषय घोळतोय म्हणून आज लिहायला बसलोय. जरा लांबेल, चालवून घ्या.

तर ९ ऑगस्ट २०१३, शुक्रवार, ईदचा दिवस. आदल्या रात्रीच पेड प्रीव्ह्यू झाले होते, मोठ्या शहरातल्या लोकांनी फेसबुकवर लिहायला पण सुरुवात केलेली. आमच्या विजापूर वेशीतल्या दोस्ताच्या घरी सकाळी शीरखुर्मा खाल्ला आणि तिथनं आम्ही पाच-सहा जण थेट थिएटरवर. सिंगल स्क्रीन, बाहेर शाहरुखचं हे एवढं मोठं कटआऊट, त्याला हार, नवीन कुर्ते घातलेली पोरं, आणि सोलापूरच्या पूर्व भागातली आमची तेलुगू मंडळी पण भरपूर, कारण नावातच चेन्नई आणि पोस्टरवर लुंगी, म्हटल्यावर आपल्याकडचंच काहीतरी असणार असं सगळ्यांना वाटलेलं. तिकीट मिळालं ते पण तिसऱ्या रांगेतलं, मान वर करून बघायचं. मामा तेव्हा रेल्वेत नोकरीला होते, गार्ड. त्यांना पण मीच ओढून नेलेलं, गाडीचा पिक्चर आहे चला म्हणून.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मुंबईहून चेन्नईला जाणारा रेल्वेचा मेन रूट म्हणजे कल्याण, पुणे, दौंड, कुर्डुवाडी, सोलापूर, मग कलबुर्गी, वाडी, रायचूर, गुंतकल, रेणिगुंटा आणि पुढं चेन्नई. म्हणजे नावाप्रमाणं ती गाडी खरीखुरी धावली असती तर आमच्या प्लॅटफॉर्मवर थांबली असती, शेंगाचटणीची पाकिटं घेऊन पोरं खिडकीशी आली असती. पिक्चरमध्ये काय, शाहरुख कल्याणला उतरून मित्रांबरोबर गोव्याला पळणार असतो, उतरता उतरता धावत येणाऱ्या दीपिकाला हात देतो, मग तिच्यामागनं तिचे चार भाऊ पण तसेच हात धरून चढतात (त्याच्याच जुन्या पिक्चरमधल्या रेल्वेच्या सीनची आठवण काढून केलेला हा सीन, थिएटर डोक्यावर घेतलेलं लोकांनी), आणि गाडी पुढं जाऊन थांबते कुठं तर दूधसागरच्या धबधब्यापाशी! दूधसागर गोव्याच्या हद्दीवर, कॅसलरॉक ते कुळे घाटात, लोंढ्याहून मडगावला जाणाऱ्या लाईनवर. चेन्नईला जायला तिथनं कशाला जाईल कोण. मामा खुर्चीतनं अर्धे उठले, "हे काय बे, गाडी कुणीकडं नेली यानं?" आणि पुढं ते भाऊ पुलावरनं टीसीला खाली ढकलून देतात तेव्हा तर मामा गप्पच झाले. पाच मिनिटं बोलले नाहीत.

मी हे मुद्दाम सांगतोय. दुसऱ्या दिवसापासून पेपरात, टीव्हीवर, सगळीकडं जे रिव्ह्यू आले त्यात बऱ्याच जणांचा मुख्य सूर होता की लॉजिक नाही, डोकं घरी ठेवून जा. अरे पण दिग्दर्शक रोहित शेट्टी, त्याच्या पिक्चरमध्ये लॉजिक शोधायला कुणी जातं का? मामा दूधसागर बघून चिडले ते लॉजिक नाही म्हणून नव्हे, आपल्या घरावरनं जाणारी गाडी दुसऱ्याच्या अंगणातनं नेली म्हणून. त्यांना वाईट वाटलं होतं. लॉजिक नाही हे वाक्य फार सोपंय. कुठल्याही मसाला पिक्चरला लावता येतं, आणि लावलं की पुढचं काही बघायची गरजच राहत नाही. पिक्चर नीट बघितला असता तर तक्रार करण्यासारखं दुसरंच काहीतरी होतं त्यात, आणि कौतुक करण्यासारखं पण दुसरंच. ते राहून गेलं असं मला आजही वाटतं.

रिव्ह्यू तसे एका सुरात नव्हते हे पण सांगितलं पाहिजे. कुणी भरभरून स्टार दिले, कुणी हात आखडता घेतला. बहुतेकांनी दीपिकाचं कौतुक केलं, बऱ्याच जणांनी शाहरुख ओव्हरॲक्टिंग करतोय म्हटलं, सेकंड हाफ लांबलाय म्हटलं, आणि काही जणांनी दक्षिणेकडच्या लोकांची चेष्टा केलीय, सगळे काळे, जाडे, कोयतेवाले दाखवलेत असं लिहिलं. ह्यातलं जवळजवळ सगळंच थोडं थोडं खरंय. पण इकडं रिव्ह्यू येत होते आणि तिकडं पहिल्या विकएंडलाच पिक्चरनं १०० कोटींचा आकडा गाठला, पुढं भारतातच २०० कोटींच्या वर गेला, 'थ्री इडियट्स'चा रेकॉर्ड मोडला (तो पुढं डिसेंबरात 'धूम ३' नं याचाही मोडला ती गोष्ट वेगळी). मग काय, आमच्या ग्रुपमध्ये सगळे एकच बोलायला लागले, बघा समीक्षकांना काय कळतंय, पब्लिकनं दाखवून दिलं. हे पण मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आज तर अजिबात पटत नाही. कलेक्शन म्हणजे काय रिव्ह्यूला उत्तर नाही ना. ईदची सुट्टी, शाहरुख, हजारो स्क्रीन, समोर दुसरा मोठा हिंदी पिक्चर नाही, मग पहिले तीन दिवस गर्दी होणारच. तिकीट काढताना माणसानं पिक्चर बघितलेलाच नसतो, त्यानं फक्त नाव आणि तोंड बघितलेलं असतं. पहिल्या विकएंडचे पैसे हे स्टारला मिळालेले पैसे आहेत. पिक्चर आवडला का नाही ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कळतं, आणि त्याहून जास्त कळतं ते दहा-बारा वर्षांनी रविवारी दुपारी टीव्हीवर, घरातली सातवीतली पोरगी आणि सत्तरीची म्हातारी एकाच जागी हसतात तेव्हा.

महाराष्ट्रात तर आणखी एक भानगड होती. संजय जाधवचा 'दुनियादारी' १९ जुलैला लागलेला, सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरचा, तुफान चाललेला, आणि चेन्नई एक्सप्रेससाठी सिंगल स्क्रीनवरनं तो काढणार अशी बातमी आली. मनसेनं थिएटरवाल्यांना दम दिला, शेवटी दुनियादारीचे शो ठेवून मार्ग निघाला. मी दोन्ही पिक्चर बघितले, दोन्हीला हाऊसफुल्लचा बोर्ड बघितला. पण त्यामुळं झालं काय की आमच्या ओळखीतली कितीतरी मराठी मंडळी चेन्नई एक्सप्रेसला आधीच रागावून बसली होती, ती थिएटरात आलीच नाहीत, आणि आली ती हाताची घडी घालून बसली. त्यांचा राग चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, चालता मराठी पिक्चर उतरवणं हे अन्यायाचंच झालं असतं. फक्त एवढंच की त्या रागाचा त्या पिक्चरच्या चांगल्या-वाईटाशी काही संबंध नव्हता.

आता माझ्या मुद्द्यावर येतो.

आमच्या घरात तेलुगू बोलतात. पद्मशाली घर, तीन पिढ्यांपूर्वी तेलंगणातनं विणकामाला आलेलं, आजोबा हातमागावर, वडिलांनी पॉवरलूमवर टॉवेल विणले. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, किराणा दुकानात शेटजी कन्नड, दोस्त लोकांत उर्दू-हिंदी, आणि ह्या चारींची मिळून जी खिचडी होते ती आमची सोलापुरी, काय बे, कुठं बे. आमच्याकडं एका वाक्यात तीन भाषा येतात आणि बोलणाऱ्याला पत्ता पण नसतो. अम्मा मला रागवायला सुरुवात करते तेलुगूत आणि संपवते मराठीत.

हे सांगायचं कारण तो अंत्याक्षरीचा सीन. गाडीच्या डब्यात शाहरुख, दीपिका आणि ते चार अडदांड भाऊ. भावांना हिंदी येत नाही. तर दीपिका त्याला हिंदी गाण्याच्या चालीवर सांगते की हे कोण आहेत, मी घरनं का पळालेय, तू गप्प बस नाहीतर मारतील, आणि तो पण तसाच गाण्याच्या चालीत उत्तर देतो, आणि भाऊ शेजारी दगडासारखे बसलेत, त्यांना वाटतंय पोरगी गातेय. थिएटरमध्ये त्या वेळी माझ्या डाव्या हाताला मामा आणि त्यांच्या पलीकडं अनोळखी चार बायका, बहुतेक विडी कारखान्यातल्या, तेलुगूच बोलत होत्या आपसात. त्या बायका त्या सीनला इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की एकीनं पदर तोंडात कोंबला. आणि मला एकदम लक्षात आलं की हे ह्यांच्या रोजच्या जगण्यातलंय. मालकासमोर, मुकादमासमोर, त्याला न कळणाऱ्या भाषेत आपसात बोलून घेणं. आम्ही लहानपणी मास्तरांसमोर हेच करायचो. पावणे आले की अम्मा बहिणीला तेलुगूत सांगायची चहात साखर कमी टाक, संपत आलीय, आणि पावण्याकडं बघून हसत मराठीत, बसा की.

ह्या सीनबद्दल रिव्ह्यूत एखादी ओळ असायची, मजेशीर आहे म्हणून, झालं. पण तो का मजेशीर आहे ते कुणी खोलात जाऊन लिहिलं असेल तर माझ्या वाचनात आलं नाही. ॲक्शन कॉमेडी म्हटलं की समीक्षक दोनच गोष्टी मोजतो, गाड्या किती उडाल्या आणि कथेला भोकं किती. हसू नेमकं कुठनं येतं ह्याची तपासणी कोण करत नाही. गंभीर पिक्चर असला तर कॅमेरा, शांतता, प्रतीकं, सगळ्यावर पानभर लिहितील, आणि अख्खं थिएटर एकाच क्षणाला हसवणं हे जे सगळ्यात अवघड काम, त्याला मात्र टाईमपास हा एक शब्द.

दुसरी गोष्ट. ह्या पिक्चरमध्ये तमिळ बोलणं आहे आणि ढीगभर आहे, आणि खाली सबटायटल नाहीत. दीपिका मध्येच शाहरुखला सांगते काय म्हणाले ते, कधी खरं सांगते कधी खोटं, कधी सांगतच नाही. काही जणांना हे खटकलं, प्रेक्षकाला कळणार कसं म्हणून. मला विचाराल तर पिक्चरमधली सगळ्यात चांगली गोष्ट हीच. एवढ्या मोठ्या स्टारचा, एवढ्या बजेटचा हिंदी पिक्चर, आणि तो हिंदीवाल्याला सांगतोय की बाबा, इथं तू पाहुणा आहेस, तुला कळत नसेल तर बस तसाच. शाहरुखचं पात्र मुंबईचं, मिठाईवाल्याच्या घरातलं, चाळीशीचं, सगळीकडं आपलं चालतं असं समजणारं, आणि डब्यात बसल्यापासनं तो एकटा बहिरा झालाय, सगळं त्या पोरीच्या हातात. आम्ही सोलापूरचे लोक पुण्या-मुंबईला जातो तेव्हा आमचं जे होतं ते इथं मुंबईवाल्याचं झालंय. आमच्या थिएटरात तर आणखी वेगळी गंमत, तमिळ आम्हाला येत नाही पण तेलुगू-कन्नड येणाऱ्याला मधनं मधनं शब्द लागतात. डोळ्याला तमिळमध्ये कण, आमच्यात कन्नु, कन्नडमध्ये कण्णु. जा म्हणायला त्यांच्यात पण पो, आमच्यात पण पो. त्यामुळं हिंदीवाल्यांच्या अर्धा सेकंद आधी आमच्या रांगा हसायच्या. इतक्या वर्षांत हिंदी पिक्चरला आम्ही इतरांच्या आधी हसलो असं पहिल्यांदाच झालं होतं, आणि त्याचा आनंद काय असतो ते मला शब्दात नीट सांगता येत नाही.

पण मग तो उच्चार.

दीपिकाचं हिंदी. शब्द मोडून मोडून, शेवट वर चढवून, हेल काढून. ती स्वतः बंगळुरात वाढलेली, तिला माहीत असणार की दक्षिणेकडची शिकलेली पोरगी अशी बोलत नाही. तमिळ लोकांनी तेव्हाच तक्रार केली की आमच्यात असं कुणी बोलत नाही. ती तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे आणि त्याचं कारण माझ्या अंगावर आहे. पुण्यात शिकायला होतो, होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात माझं आडनाव आणि बोलणं ऐकून नाव पडलं अण्णा. तेलुगू, तमिळ, कन्नड, मल्याळी, कुणाला फरक नाही, सगळे अण्णा, सगळे मद्राशी. मी मराठी माध्यमात शिकलेला, मराठीत निबंधाला बक्षीस मिळालेला पोरगा, आणि मेसमध्ये मी ताट घेऊन आलो की एक जण हमखास मान हलवून अय्यय्यो म्हणायचा आणि टेबल हसायचं. सहा महिने मी मेसमध्ये बोलायचं टाळलं. ताट दाखवायचो नुसतं, भात पाहिजे तर भाताकडं बोट. मारामारी नाही, शिवीगाळ नाही, कुणाच्या मनात वाईट पण नसेल, पण ते सहा महिने मी विसरलेलो नाही.

तर पिक्चर लागल्यावर ते सगळं परत सुरू होणार हे मला थिएटरमध्येच कळलं होतं आणि झालंच. गणपतीत आमच्या ओळखीतल्या पुण्याच्या पोरांनी लुंग्या लावून नाच केला, त्याचं मला काही नाही, रजनीकांतला सलाम म्हणून शेवटचं गाणं केलंय, नाचू द्या. पण ऑफिसात, बसमध्ये, ज्याला त्याला तो हेल काढून दाखवायची लहर यायची. ह्या पिक्चरनं तमिळ भाषेला मान दिला आणि तमिळ माणसाच्या हिंदीची मात्र थट्टा केली, दोन्ही एकाच पिक्चरनं केलं. मला वाटतं रिव्ह्यू लिहिणाऱ्यांनी ह्या दोन गोष्टी वेगळ्या काढून दाखवायला पाहिजे होत्या. ज्यांनी साऊथची चेष्टा म्हणून लिहिलं त्यांनी सगळंच एका झाडूनं झाडलं, लुंगी, कोयते, नारळ, तमिळ संवाद, सगळं एका ढिगात. आणि ज्यांना पिक्चर आवडला त्यांनी ह्याला अहो कॉमेडी आहे, घ्या हलकं म्हणून सोडून दिलं.

आणि तरीही, हे लिहिताना परत तो सीन डोळ्यासमोर येतोय, त्याच मोडक्या हिंदीत दीपिकानं जे काम केलंय ते फार मोठं आहे. हेल चुकीचा आहे पण त्या हेलाआड माणूस खरा आहे. पोरगी घाबरलीय, हुशार आहे, खोटं बोलतेय, बापावर जीव पण आहे, आणि हे सगळं तिच्या डोळ्यात एकाच वेळी दिसतं. झोपेत लाथा मारते, बडबडते तो सीन बघा, एवढ्या मोठ्या हिरॉईननं स्वतःचं दिसणं विसरून असं काम क्वचितच केलंय. समीक्षकांनी ते ओळखलं, ह्याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. त्या एका वर्षात तिचे चार हिट, फिल्मफेअरला ह्या पिक्चरसाठी पण नॉमिनेशन होतं, मिळालं ते रामलीलासाठी, आणि चेन्नई एक्सप्रेससाठी आयफाचं बेस्ट ॲक्ट्रेस मिळालं. अजून एक, शाहरुखनं त्या वर्षी महिला दिनाच्या सुमारास जाहीर केलं होतं की इथनं पुढं माझ्या पिक्चरमध्ये हिरॉईनचं नाव आधी येणार, आणि ह्यात आलं. पडद्यावर आधी दीपिका, मग शाहरुख. स्टारच्या नावावर विकलेल्या पिक्चरमध्ये स्टारनंच हे करणं ही साधी गोष्ट नव्हे, आणि पिक्चर बघितल्यावर ते नाव आधी येणं बरोबरच वाटतं, कारण पिक्चर ओढलाय तिनंच.

सत्यराजबद्दल तर मला जास्तच राग आहे. दीपिकाच्या बापाचं काम, गावचा डॉन. तमिळमधला एवढा जुना मोठा नट, आमच्या पूर्व भागात तर त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रभासच्या पिक्चरमध्ये बापाचं काम करून गेलेला, तो पडद्यावर आला तेव्हा शिट्ट्या पडल्या. आणि हिंदी रिव्ह्यूत त्याला किती जागा, तर कंसात नाव. दोन वर्षांनी तोच 'बाहुबली'तला कट्टप्पा झाला आणि अख्ख्या देशाला पाठ झाला.

सेकंड हाफबद्दल समीक्षक बरोबर होते, ते मी मान्यच करतो, पण कारण त्यांचं नाही पटत. लांबलाय म्हणून पडत नाही तो. एकूण पिक्चर दोन तास वीस मिनिटांच्या जरा वर, आपल्याकडं ह्याहून मोठे पिक्चर लोक मिटक्या मारत बघतात. तो पडतो कारण गाडी मागं राहते. डब्यात सहा माणसं कोंडलेली, बाहेर पडायला जागा नाही, भाषा एकमेकांना कळत नाही, त्यातनं हसू येत होतं. गावात आल्यावर पळायला मैदान मिळालं, जीप आल्या, कोयते आले, गाड्या उडायला लागल्या आणि पिक्चर इतर दहा पिक्चरसारखा झाला. शाहरुख दीपिकाला उचलून देवळाच्या तीनशे पायऱ्या चढतो तिथं परत जरा जीव येतो, कारण तिथं परत दोघं आहेत, दम लागलाय, बोलणं आहे. आणि शेवटी तो पळून न जाता तिला घेऊन बापासमोर उभा राहतो, सुनावतो की हिला काय पाहिजे ते तुम्ही कधी विचारलंच नाही, आणि मग बापानं तिच्यासाठी ठरवलेला नवरा, त्या तंगबलीच्या हातनं रक्त निघेपर्यंत मार खातो. काही जणांना ते भाषण चिकटवलेलं वाटलं. आमच्या थिएटरात मात्र त्या भाषणाला टाळ्या पडल्या त्या बायकांच्या बाजूनं आधी पडल्या, हे मी माझ्या कानानं ऐकलंय. मारामारीला नव्हे, भाषणाला.

आता कुणी म्हणेल एवढं मनाला का लावून घेतोस, पिक्चर आहे. मला लागतं. आमच्यासारख्या गावात पिक्चर बघणं म्हणजे वर्षातनं चार-पाच वेळा घरच्या सगळ्यांनी मिळून केलेला खर्च असतो, दिवसभर लूमवर उभा राहिलेला माणूस संध्याकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बायकोपोरांना घेऊन येतो. त्याला तीन स्टार का अडीच स्टार ह्यानं काही फरक पडत नाही. पण तो का हसला हे लिहिणाऱ्यानं कळून घेतलं असतं तर पुढच्या वेळी त्याच्यासाठी कुणीतरी आणखी चांगला पिक्चर केला असता असं मला मनापासून वाटतं. समीक्षकाचं काम तिथं लागतं. रोहित शेट्टीला कुणी नीट सांगितलं असतं की बाबा तुझी ताकद त्या डब्यात होती, उडणाऱ्या गाड्यांत नाही, तर. कथा पण बघा ना, के. सुभाष म्हणून तमिळमधल्याच माणसाची होती. बीज तिथलं होतं. दीपिकाचं कोंबन गाव म्हणून जे दाखवलंय त्याचं बरंच शूटिंग मात्र आपल्या वाईला झालंय, म्हणजे तमिळनाडू म्हणून लोकांनी सातारा जिल्हा बघितला आणि चेन्नईची गाडी म्हणून गोव्याचा घाट.

भाचीला मी हे सगळं सांगितलं, म्हणजे होस्टेलचं सोडून. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग तू किती स्टार देशील? मी म्हटलं डब्याला पाच, गावाला दोन. अम्मा मध्येच म्हणाली मीनम्माला, म्हणजे दीपिकाच्या पात्राला, दहा. अम्माला तमिळ येत नाही पण परवा पिक्चर बघताना ती भाचीला तमिळ संवादांचा अर्थ सांगत होती, निम्मा बरोबर निम्मा स्वतःच्या मनानं, आणि भाची वहीत लिहून घेत होती. तिला तेलुगू धड येत नाही, पुण्यात कुणाशी बोलणार. ती वही तिनं बॅगेत टाकून नेली.

सोमवारी सकाळी तिला हुतात्मा एक्सप्रेसला बसवायला स्टेशनवर गेलो, मामा पण आले, निवृत्त झाले तरी स्टेशनला जायचं म्हटलं की चप्पल पायात तयार. गाडी लागायला वेळ होता. भाचीनं मामांना विचारलं, तात (तेलुगूत आजोबा), चेन्नईची गाडी इथनं जाते तर मग तिला धबधबा कुठं लागतो? मामांनी लगेच हातवारे करून सुरू केलं, धबधबेच पाहिजे होते तर खंडाळ्याचा घाट होता की, पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी पाणी उडतंय, आणि पूल पाहिजे होता तर रायचूरच्या अलीकडं कृष्णेचा पूल, रात्री गाडी त्याच्यावर चढली की आवाजच बदलतो, झोपलेला माणूस उठून बसतो. किती वेळा गेलोय मी त्याच्यावरनं. भाची म्हणाली तो आवाज मला ऐकायचाय. मामा म्हणाले दिवाळीत ये, तिकीट मी काढतो, खिडकीजवळचं.